निरंक

जून ते सप्टेंबर, चौदा वर्षं,
दर दहा मिनिटांनी एक फेरी.
बालाघाटातल्या एका टेकडीवर
पांढऱ्या घुमटात तबक फिरतं,
लाटा सोडतं, परत आलेल्या मोजतं.
त्या परत आलेल्यांची मी हिशेबनीस.
सिडकोतल्या खोलीत, खडखडणाऱ्या पंख्याखाली
माझ्यासमोर आठ जिल्हे चौकटी-चौकटींत पसरलेले.
निळं म्हणजे भुरभुर. पिवळं म्हणजे बरा.
लाल दिसलं की ओढ्याकाठची गावं आठवायची.

परत येतं ते सगळं पाणी नसतं,
एवढं शिकण्यात पहिला पावसाळा गेला.
तिन्हीसांजेला जायकवाडीवरून उठलेले थवे
सरीसारखे दिसतात.
आणि पृथ्वी गोल आहे हे मला
शाळेत नाही, किनवटच्या आकड्यांनी पटवलं:
किरण सरळ जातो, जमीन खाली वळत राहते,
तिथं पोचेतो तो ढगाच्या खांद्याशी,
पायाशी काय चाललंय त्याला कळत नाही.
वर पाऊस, खाली फुफाटा.
तहसीलच्या वहीत त्या दिवशी: निरंक.
मधल्या हवेनं पिऊन टाकलेला पाऊस
कुणाच्या खात्यावर मांडायचा?

बेरीज विचाराल तर बेरीज शहाणी दिसते.
पण सरासरी म्हणजे
एका रात्रीत वाहून गेलेला बांध
आणि चाळीस दिवस तडकलेली ढेकळं
यांच्या मधोमध काढलेलं
एक हिरवंगार रान, जे कुठंच नाही.
आणि ज्या रात्री सगळ्यात जास्त कोसळला
त्या रात्रीची फाईल रिकामी:
वीज पडली, यंत्र बंद.

नकाशात पाटोद्याच्या अंगाला
एक पांढरा ठिपका होता, नखाएवढा.
हिंगणवेढा.
चौदा वर्षांत थेंब नाही.
डोंगरावर पवनचक्क्या, त्यांची पाती फिरतात,
रडारला वाटतं, बारा महिने झड लागलीय.
म्हणून ‘या चौकटी वगळा’ अशी एक ओळ
कुणीतरी लिहून ठेवलेली.
शोधलं. अक्षर नाही, पण सही माझीच होती.

गेले. पाटोद्याहून काळीपिवळीत,
मांडीवर कुणाचं तरी पोर.
शाळेमागं, तारेच्या कुंपणात पर्जन्यमापक,
आणि तो बघणाऱ्या द्वारका तोडकर,
ग्रामपंचायतीच्या शिपायाची बायको. पगार नवऱ्याला.
मापाची काचनळी कधीच फुटली,
तेव्हापासून खोकल्याच्या औषधाचं टोपण.
रोज सकाळी साडेआठ.
जुन्या कॅलेंडरांच्या मागं, पेन्सिलीनं:
चार टोपणं. अकरा. दीड.

‘तुमच्या मशीनीत आमच्याकडं पडतच न्हाई?’
‘नाही.’
‘मंग इतकी वर्सं मी कुणाचं पाणी मोजलं, बाई?’
आणि हसल्या, पदर तोंडाला लावून,
चहात साखर जास्त घालत.

पानं उलटताना काही घरांत टिंब,
काही घरं कोरी. विचारलं.
‘टिंब म्हंजी पाऊस नव्हता.
कोरं म्हंजी मी नव्हते.
लेकीचं बाळंतपण होतं तवा, परळीला.
मी न्हाई बगितलं, तर न्हाई पडला
असं कसं लिवावं?’

परत येताना खिडकीतून
पाती दिसत होती, सावकाश फिरणारी,
कोरड्या उन्हात.

त्या रात्री मी हिंगणवेढ्याची
सगळी शून्यं काढून टाकली.
दोन लाखांहून जास्त निघाली.
तिथं काहीच भरलं नाही, कोरं ठेवलं.
जिल्ह्याची सरासरी जराशी हलली,
अहवालात एक तळटीप वाढली,
साहेबांनी विचारलं, हे भोक कसलं?
म्हटलं, भोक आधीपासून होतं,
आता फक्त दिसतंय.

आज साडेआठला मोबाईल वाजला.
द्वारकाबाई. फोटो, जरा हललेला:
बोटांत टोपण, काठोकाठ,
खाली एवढंच,
सातवं.